तथ्याधिष्ठित विश्वदृष्टी : जगाच्या विकासाचे वाचन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• 'तथ्याधिष्ठित विश्वदृष्टी' या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• जगाच्या प्रगतीविषयीचे आपले अंदाज का चुकतात, याची कारणे सांगता येतील.
• विकासविषयक आकडेवारी वाचताना विचारावयाचे चार प्रश्न उदाहरणांसह मांडता येतील.
• विकासविषयक मराठी लेखनातील विधानांची चिकित्सा करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुढील मजकूर वाचण्यापूर्वी एक प्रश्न सोडवा. १९९० साली जगात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे ९३ बालके वयाची पाच वर्षे पूर्ण होण्याआधी दगावत होती. २०२२ साली हे प्रमाण किती होते?
(अ) दर हजारी सुमारे १२०   (आ) दर हजारी सुमारे ९०   (इ) दर हजारी ४० पेक्षा कमी

आपले उत्तर वहीच्या समासात लिहा आणि मग पुढे वाचा.

बरोबर उत्तर (इ) आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ साली हे प्रमाण दर हजारी ३७ होते. आपले उत्तर चुकले असेल, तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही. स्वीडनमधील डॉक्टर व सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक हान्स रोस्लिंग यांनी मुलगा ओला आणि सून अ‍ॅना यांच्यासह स्थापन केलेल्या 'गॅपमाइंडर' या संस्थेने २०१७ साली १४ देशांतील सुमारे १२,००० लोकांना अशाच स्वरूपाचे प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय होते. पहिल्या बारा प्रश्नांपैकी सरासरी अवघ्या दोन प्रश्नांची उत्तरे बरोबर आली. चिठ्ठ्या टाकून उत्तरे दिली असती, तरी सरासरी चार बरोबर आली असती. म्हणजेच ही निव्वळ माहितीची उणीव नव्हती. लोकांच्या मनात जगाचे एक चित्र आधीच होते आणि ते वस्तुस्थितीपेक्षा एकाच दिशेने, अधिक काळ्या रंगात रंगवलेले होते.

हे चित्र कसे तयार होते, ते कसे तपासावे आणि तपासल्यावर हाती काय लागते, याचा विचार या घटकात आपण करणार आहोत. विकासाचे अनेक निर्देशक असले, तरी विवेचनाला एक धागा असावा म्हणून आपण मुख्यतः बालमृत्यू हा एकच निर्देशक घेऊ. मूल जगते की नाही, यात आईचे आरोग्य, घरातील अन्न, गावातील पाणी, लस, रस्ता, दवाखाना आणि शिक्षण या सगळ्यांचा हिशेब एकत्र येतो.

२. 'तथ्याधिष्ठित विश्वदृष्टी' म्हणजे काय?

प्रत्येक व्यक्तीजवळ जगाविषयीची एक ढोबळ समजूत असते. जग कसे चालते, कोण पुढे आहे, कोण मागे आहे, काळ बदलतो आहे की बिघडतो आहे, याबद्दलची ही समजूत म्हणजे विश्वदृष्टी होय. ती अनुभव, ऐकीव गोष्टी, शाळेतील पाठ, वृत्तपत्रे आणि चित्रवाणी यांतून नकळत घडते. तथ्याधिष्ठित विश्वदृष्टी म्हणजे हीच समजूत मोजमापाच्या कसोटीवर पुन्हापुन्हा घासून पाहण्याची आणि पुरावा बदलल्यास ती बदलण्याची तयारी.

या संकल्पनेविषयी एक गैरसमज आरंभीच दूर करावयास हवा. तथ्याधिष्ठित दृष्टी म्हणजे आशावाद नव्हे. तथ्ये कधी आपल्या निराशेला खोटे ठरवतात, तर कधी आपल्या समाधानाला. दुसऱ्या प्रकारचे मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थान समृद्ध होत आहे, असे एकोणिसाव्या शतकात राज्यकर्ते सांगत असत. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केलेल्या दादाभाई नौरोजींनी या दाव्याला आकड्यांनी उत्तर दिले. सरकारी अहवालांतील शेती व इतर उत्पादनाचे आकडे घेऊन त्यांनी १८६७ ते १८७० या काळासाठी दरडोई वार्षिक उत्पन्नाचा अंदाज काढला. तो भरला केवळ २० रुपये. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जो खर्च करीत होते, त्याच्याशी त्यांनी या रकमेची तुलना केली, तेव्हा सामान्य रयतेचे उत्पन्न त्याहूनही कमी असल्याचे दिसून आले. राज्यकर्त्यांचाच कागद त्यांच्या दाव्याविरुद्ध साक्ष देऊ लागला. तथ्यांचे सामर्थ्य असे असते. ती कोणत्या बाजूला झुकतील, हे मोजण्यापूर्वी ठरवता येत नाही.

३. आपला अंदाज का चुकतो?

पहिले कारण बातमीच्या स्वरूपात आहे. बातमी घटनेची होते, प्रक्रियेची होत नाही. १९९० साली जगात रोज ३४ हजारांहून अधिक बालके दगावत होती. २०२२ साली ही संख्या सुमारे १३ हजारांवर आली. हा बदल तीस-बत्तीस वर्षांत थोडाथोडा झाला. 'काल इतकी बालके जगली' असा मथळा कोणत्याही दिवशी छापता आला नसता. उलट एखाद्या रुग्णालयात एकाच रात्री काही अर्भके दगावली, तर ती बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र अशा बातम्यांची बेरीज म्हणजे जगाचे चित्र नव्हे.

दुसरे कारण स्मरणाचे आहे. 'पूर्वीचे दिवस चांगले होते' असे म्हणताना पूर्वी काय नव्हते, हे आपण विसरतो. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या भावंडांची संख्या विचारा आणि त्यांपैकी किती जगली, हेही विचारा. पुष्कळ घरांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. भारतात १९७१ साली दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. म्हणजे साधारण आठ बालकांमागे एक. २०२० साली हे प्रमाण २८ होते.

तिसरे कारण शिकलेल्या माहितीचे आहे. शाळेत पाठ केलेली जगाची विभागणी आपण आयुष्यभर वापरतो. एकेकाळी ती बरोबरही असते. परंतु जग बदलते आणि आपली माहिती जुन्या जागीच राहते. या कारणाचा विचार पाचव्या उपघटकात अधिक विस्ताराने येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : वरील तीन कारणांपैकी कोणत्या कारणाचा प्रत्यय आपल्याला स्वतःच्या विचारांत येतो? एक उदाहरण लिहा.

४. संख्या वाचताना विचारावयाचे चार प्रश्न

४.१ कितीपैकी किती?

सुटी संख्या अर्थपूर्ण नसते. २०२२ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे ४९ लाख बालके दगावली. ही संख्या मन हेलावून टाकणारी आहे. परंतु ती मोठी की लहान, हे तिच्याकडे एकटे पाहून कळत नाही. एकूण जन्मांशी तिचे गुणोत्तर काढले, की दर हजारी ३७ हा दर मिळतो आणि मग तुलना शक्य होते. एखाद्या जिल्ह्यात दुसऱ्या जिल्ह्यापेक्षा बालमृत्यू दुप्पट झाले, पण तेथे जन्मही दुप्पट असतील, तर धोका सारखाच आहे. म्हणून मोठ्या संख्येला नेहमी भागावे. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे, की दराने माणसे दिसत नाहीत. दर कमी झाला, तरी ४९ लाख घरांतील दुःख कमी होत नाही. विचारासाठी दर आणि जबाबदारीसाठी संख्या, अशी दोन्हींची गरज आहे.

४.२ केव्हापासून आणि कशामुळे?

एका वर्षाचा आकडा म्हणजे एक स्थिर छायाचित्र. बदलाची दिशा कळण्यासाठी अनेक वर्षांचे आकडे एका ओळीत मांडावे लागतात. दिशा कळल्यावर कारण शोधावे लागते, कारण कारणाशिवाय प्रगती दैवाधीन वाटू लागते.

बालमृत्यू कमी होण्यामागील एक कारण पाहू. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाण्यातील मिश्रण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. रुग्णांचे नातेवाईकही ते पाजू शकत होते. छावणीतील रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. आज ओआरएस या नावाने आपण ओळखतो ती जलसंजीवनी पुढे जगभर पोहोचली. तिच्या जोडीला लसीकरण, स्वच्छ पाणी, दोन मुलांतील अंतर आणि मुलींचे शिक्षण ही कारणे उभी राहिली. भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. आलेखावरील प्रत्येक उतरत्या रेषेमागे अशी नावे घेता येतील अशी कामे असतात.

४.३ सरासरीच्या आत कोण आहे?

सरासरी उपयुक्त असते. पण ती भेद झाकते. २०२० साली भारताचा अर्भकमृत्युदर दर हजारी २८ होता, हे आपण पाहिले. त्याच वर्षी केरळात तो ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ होता. एकाच देशात, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन बालकांच्या जगण्याच्या शक्यतेत एवढे अंतर होते. महाराष्ट्राच्या १६ या सरासरीच्या आतही अशीच विषमता आहे. मेळघाटातील कुपोषण आणि बालमृत्यूंचा प्रश्न अनेक वर्षे मुंबई उच्च न्यायालयासमोर येत राहिला आहे. राज्याची सरासरी तेथील आईला काहीच सांगत नाही. म्हणून सरासरी ऐकली, की तिची फोड मागावी : ग्रामीण किती, शहरी किती, मुलगे किती, मुली किती, आदिवासी भागात किती?

४.४ कोणी, कसे आणि काय मोजले?

आकडा आकाशातून पडत नाही. कोणीतरी घरोघर जाऊन तो गोळा केलेला असतो. भारतात जन्ममृत्यूंचे विश्वसनीय दर मुख्यतः महानिबंधक कार्यालयाच्या 'नमुना नोंदणी पद्धती'तून मिळतात. मोजणी नीट झाली नाही, तर प्रश्न कागदावर नाहीसा होतो आणि गावात मात्र तसाच राहतो.

गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या संस्थेने गावोगावचे जन्म आणि मृत्यू स्वतः नोंदवण्यास आरंभ केला. बालमृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील होता आणि ही बालके घरातच, उपचाराविना दगावत होती. गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा पुरवण्यात आली आणि अशी सेवा नसलेल्या गावांशी तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात सेवा हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. महाराष्ट्रातील अनेक संस्थांनी मिळून निरनिराळ्या भागांत केलेली बालमृत्यूंची गणना 'कोवळी पानगळ' या अहवालात २००१ साली मांडली गेली. सरकारी नोंदींत दिसणाऱ्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे तिने दाखवून दिले. प्रामाणिक मोजणीमुळे येथे आकडा वाढला, आणि आकडा वाढल्यामुळेच उपायाची निकड पटली.

'काय मोजले' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जागतिक बँकेने २०२५ साली अतिदारिद्र्याची रेषा दरडोई दररोज २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. या बदलाने जगातील अतिदरिद्री लोकांची अंदाजित संख्या बारा कोटींहून अधिक वाढली. प्रत्यक्षात त्या दिवशी कोणीही अधिक गरीब झाले नव्हते. व्याख्या बदलली, की आकडा बदलतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना मोजपट्टी तीच आहे ना, याची खात्री करावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : 'आमच्या तालुक्यात यंदा बालमृत्यू घटले' हे विधान स्वीकारण्यापूर्वी आपण कोणते प्रश्न विचाराल?

५. 'दोन जगे' ही कल्पना

'विकसित' आणि 'विकसनशील' अशा दोन गटांत देशांची विभागणी आपण सर्वजण शिकलो आहोत. एका गटात लहान कुटुंबे आणि दीर्घ आयुष्य; दुसऱ्या गटात मोठी कुटुंबे आणि अकाली मृत्यू, असे तिचे स्वरूप होते. १९६० च्या दशकात देशांचे आकडे आलेखावर मांडले, तर असे दोन पुंजके बऱ्याच अंशी दिसत. आज ते तसे दिसत नाहीत. बांगलादेशात १९७१ च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी जवळजवळ सात मुले होत. आता हे प्रमाण दोनच्या आसपास आले आहे. भारतातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते २.० आढळले. जागतिक बँकेने २०१६ साली आपल्या विकास निर्देशकांच्या संग्रहात 'विकसित-विकसनशील' ही विभागणी वापरणे थांबवले.

रोस्लिंग यांनी या विभागणीऐवजी उत्पन्नाचे चार स्तर सुचवले. किंमतींतील फरक जमेस धरून दरडोई दररोज २ डॉलरपर्यंत पहिला, ८ पर्यंत दुसरा, ३२ पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. २०१७ च्या सुमारास या स्तरांवर अनुक्रमे अंदाजे १००, ३००, २०० आणि १०० कोटी लोक होते. म्हणजे बहुसंख्य मानवजात मधल्या दोन स्तरांवर आहे. हे स्तर समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. डोक्यावर हंडा घेऊन दूरवरून पाणी आणणारे घर, सार्वजनिक नळावर सायकलने जाणारे घर, घरात नळ व गॅसची शेगडी आणि दारात दुचाकी असलेले घर, आणि मोटार बाळगणारे घर, ही चारही घरे आपल्याला एकाच तालुक्यात भेटतात. पहिल्या घरातून दुसऱ्यात जाणे, म्हणजे त्या घरातील मुलीचा पाणी भरण्यात जाणारा वेळ शाळेसाठी मोकळा होणे. वरच्या स्तरावरून खाली पाहताना हे टप्पे सारखेच भासतात. तेथे राहणाऱ्याला मात्र प्रत्येक टप्पा आयुष्य बदलणारा असतो.

उत्पन्न हाच विकासाचा एकमेव मापदंड नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या साहाय्याने १९९० साली मानव विकास निर्देशांक मांडला गेला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण यांनाही स्थान देण्यात आले.

६. सुधारणा आणि उणीव : दोन्ही एकाच वेळी

नदीचा पूर ओसरत असताना गावात दोन विधाने एकाच वेळी खरी असतात : पाणी उतरत आहे, आणि घरात अजून कमरेइतके पाणी आहे. पहिले विधान ऐकून कोणी होड्या परत पाठवल्या, तर ती चूक ठरेल. केवळ दुसरे विधान धरून 'काही उपयोग नाही' असे म्हणून कोणी वल्ही खाली टाकली, तर तीही चूकच ठरेल. जगाच्या विकासाकडे पाहताना ही दोन्ही विधाने एकत्र धरण्याची सवय लावून घ्यावी लागते.

प्रगती आपोआप होत नाही आणि ती उलटही फिरू शकते. आफ्रिकेतील बोत्सवाना या देशात आयुर्मान साठीच्या पुढे गेले होते. एड्सच्या साथीमुळे २००० च्या सुमारास ते पन्नाशीच्या आसपास घसरले आणि औषधोपचार सर्वत्र उपलब्ध झाल्यावर पुन्हा वाढले. कोविड-१९ च्या साथीत २०२० आणि २०२१ साली संपूर्ण जगाचे सरासरी आयुर्मान घटले. काही रेषा तर सातत्याने चुकीच्या दिशेने जात आहेत. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग इतके मोजले गेले; आज ते ४२० भागांच्या पुढे आहे. बालमृत्यूंची उतरती रेषा स्वीकारणाऱ्याने ही चढती रेषाही तितक्याच निर्विकारपणे स्वीकारली पाहिजे. सोयीची तथ्ये वेचून घेणे ही तथ्याधिष्ठित दृष्टी नव्हे.

७. विकासाची भाषा आणि आपण

भाषेचे अभ्यासक म्हणून आपल्यासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. विकासविषयक लेखनात पुष्कळदा विशेषण आकड्याची जागा घेते. 'भीषण परिस्थिती', 'अभूतपूर्व कायापालट', 'झपाट्याने ऱ्हास' हे शब्दप्रयोग वाचकाच्या भावना जागवतात. परंतु किती, केव्हापासून आणि कोणासाठी, हे सांगत नाहीत. 'सर्व', 'कोणीच नाही', 'नेहमी' ही सर्वसमावेशक पदेही तशीच फसवी असतात. 'मागासलेला' हे विशेषण तर व्यक्तीला वा समाजाला एका जागी खिळवून ठेवते. त्याऐवजी 'या वर्षी येथे इतक्या मुलींची शाळा सुटली' असे विधान केले, तर ते तपासताही येते आणि त्यावर उपायही शोधता येतो.

आपल्यापैकी कोणी शिक्षक असतील, कोणी अंगणवाडीत वा ग्रामपंचायतीत काम करीत असतील, कोणी नोकरी वा शेती सांभाळून शिकत असतील. ग्रामसभेत, पालकसभेत किंवा वृत्तपत्रातील पत्रात आपण जेव्हा आपल्या परिसराविषयी बोलतो, तेव्हा आपले विधान निर्णयाचा आधार होत असते. 'काहीच बदलत नाही' असे मानणारा गाव पुढच्या उपायासाठी पैसे आणि श्रम देत नाही. 'सगळे ठीक आहे' असे मानणारा गाव शेवटच्या वस्तीपर्यंत जात नाही. दोन्हींची किंमत त्या वस्तीतील मूल मोजते.

सारांश

जगाविषयीची आपली समजूत बातम्या, स्मरण आणि जुनी माहिती यांतून घडते आणि ती बहुधा वस्तुस्थितीच्या मागे राहते. ती दुरुस्त करण्यासाठी प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारावेत : कितीपैकी किती? केव्हापासून आणि कशामुळे? सरासरीच्या आत कोण? कोणी, कसे आणि काय मोजले? जगाची 'विकसित' आणि 'विकसनशील' ही विभागणी आता अपुरी आहे; बहुसंख्य लोक मधल्या स्तरांवर आहेत. सुधारणा आणि उणीव ही परस्परविरोधी विधाने नसून एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत. प्रगतीला कारणे असतात. ती शोधली, तर ती अन्यत्र वापरता येतात.

पारिभाषिक शब्द

अर्भकमृत्युदर : एका वर्षातील दर हजार जिवंत जन्मांमागे वयाच्या पहिल्या वर्षात होणारे मृत्यू.
नवजात मृत्युदर : दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत होणारे मृत्यू.
निर्देशक : एखाद्या व्यापक स्थितीची कल्पना देणारे मोजता येण्याजोगे माप.
आयुर्मान : त्या वर्षीचे मृत्युदर कायम राहिल्यास जन्मलेल्या बालकाला अपेक्षित असलेली सरासरी आयुष्यमर्यादा.

सरावासाठी स्वाध्याय

१. तथ्याधिष्ठित विश्वदृष्टी आणि आशावाद यांतील फरक दादाभाई नौरोजींच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'प्रामाणिक मोजणीमुळे आकडा वाढू शकतो.' या विधानाची चर्चा करा.
३. पुढील विधानाची चार प्रश्नांच्या आधारे चिकित्सा करा : 'राज्यात साक्षरता वाढली, म्हणजे शिक्षणाचा प्रश्न सुटला.'

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील वा प्रभागातील आशा कार्यकर्तीला किंवा अंगणवाडी सेविकेला भेटा. गेल्या पाच वर्षांतील जन्म, बालमृत्यू आणि लसीकरण यांच्या नोंदी कशा ठेवल्या जातात, हे समजून घ्या. कोणत्याही कुटुंबाचे नाव न लिहिता, हाती आलेल्या माहितीवर ३०० शब्दांचे टिपण तयार करा. टिपणात विशेषण वापरण्याची इच्छा होईल, तेथे आधी आकडा लिहा आणि मग विशेषणाची गरज उरते का, ते पाहा.